फुकटचा धडा आणि बिकोचे तुकडे

मी एक धडा बोलतोय. पुस्तकातला नव्हे आणि फळ्यावरचा तर मुळीच नव्हे. मी फोनमध्ये राहतो. बोट लावलं की जागा होतो, पुन्हा बोट लावलं की गप्प बसतो. माझं नाव 'आईबाबांसाठी : घरच्या घरी अपूर्णांक'. नावात फारसा दम नाही हे मलाही कळतं, पण ठेवताना मला कुणी विचारलं नाही. तुम्हाला तरी कुठं कुणी विचारलं होतं?

आणि हो, मी फुकट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण फुकट म्हटलं की माणसांच्या कपाळावर आठी पडते. "फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार," असं म्हणतात आणि पुढं सरकतात. हीच माणसं साबणावर फुकट मिळालेली बादली मात्र लेकरासारखी कडेवर घेऊन घरी जातात. बादलीचा मला राग नाही. पण बादलीत आणि माझ्यात निवड करायची वेळ आली की मी हरतो, एवढंच सांगायचं होतं.

माझा जन्म सान रोके गावात, फे नावाच्या बाईंच्या स्वयंपाकघरात झाला. त्या चौथीच्या शिक्षिका, सगळं गाव त्यांना मॅम फे म्हणतं. पनाय बेटाच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. दिवसभर मासे वाळतात, संध्याकाळी लोक माईक हातात धरून गळा काढतात, आणि कोंबडे तर माणसांपेक्षा जास्त बोलतात. शाळा सुटली की पालक मॅमना गाठायचे. कुणी बाजारात, कुणी चर्चच्या पायऱ्यांवर. "मॅम, पोरगा अपूर्णांक विचारतो, आम्हालाच येत नाहीत. काय सांगायचं?" एकदा तर एका बाईनं त्यांना केस कापून घेताना गाठलं. अर्धे केस कापलेले आणि बाई विचारतेय, अर्धा म्हणजे नक्की काय!

त्या दिवशी घरी येऊन मॅमनी नवऱ्याला सांगितलं, "रुबेन, फोन धर. मी पालकांसाठी धडा करणार आहे."

"पालकांसाठी? पोरांसाठी कर की."

"पोरांना मी शाळेत शिकवते. घरी कोण शिकवतं?"

रुबेननं फोन धरला. मॅमनी बिको केला होता, म्हणजे चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेला गोड भात. गोल सुपात केळीच्या पानावर तो थापला होता. बोलायला सुरुवात केली की कोंबडा आरवायचा. पुन्हा पहिल्यापासून. मग शेजारच्यांनी गाणं सुरू केलं. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मॅम म्हणाल्या, "जाऊ दे, आरवू दे मेल्याला," आणि मी एकदाचा जन्माला आलो. तुम्ही नीट ऐकलंत तर तो कोंबडा अजूनही माझ्या पोटात आरवतो.

मॅमची युक्ती साधी होती. त्या म्हणाल्या, "पालकहो, सुरी घ्या आणि मुद्दाम चुकीचं कापा. मोठा तुकडा स्वतःला, बारका पोराला. मुलाला अपूर्णांक कळत नसतील, पण अन्याय बरोबर कळतो. ते ओरडेल. ओरडू द्या. मग विचारा, का रे, काय चुकलं? आणि उत्तर सांगायचं नाही. जीभ दाताखाली धरून बसायचं."

इतक्यात फोनमागून रुबेनचा आवाज येतो, "फे, हा मोठा तुकडा मग माझा ना?"

"अरे, चालू आहे ते!"

हेही माझ्या पोटात तसंच राहिलं. मला विचाराल तर माझा सगळ्यात चांगला भाग तोच.

जन्म तर झाला, पण विचारतो कोण? पहिल्या आठवड्यात मला मॅमच्या बहिणीनं पाहिलं, तेही रुबेनचं पोट किती सुटलंय ते बघायला. पण त्याचं पोट फोनच्या मागं होतं, त्यामुळं तिचीही निराशाच झाली.

मग अचानक माझं नशीब फळफळलं. लोक येऊ लागले, बदाम टाकू लागले. मी हरखून गेलो. म्हटलं, चला, देशाला अपूर्णांक समजू लागले! खाली लोक काय लिहितात ते वाचलं आणि माझा फुगा फुटला. "मॅम, नारळाचं दूध किती घेतलंत?" "गूळ आधी की नंतर?" "माझा बिको खाली लागतो, उपाय सांगा." एक बाई तर रागावल्या होत्या, "कृती अर्धवट आहे, नुसतं काय कापत बसलाय!" मी गणिताचा धडा, आणि लोक माझ्याकडून स्वयंपाक शिकत होते. मॅम हसून हसून बेजार झाल्या. पण त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. गूळ नंतर.

त्या दिवसांत मी पालक नावाचा प्राणी जवळून पाहिला. त्यातले बरेचसे 'नंतर बघू' जातीचे. ते मला जपून ठेवतात. फोनमध्ये एक जागा असते, तिथं माझ्यासारखे शेकडो एकमेकांना खेटून पडलेले असतात: पोट कमी करायचे व्यायाम, कोरियन भाषा, फाटक्या कपड्यांच्या पिशव्या. तिथून परत उजेडात आलेला कुणी मी अजून पाहिलेला नाही. दुसरे ते, जे फोन पोराच्या हातात देऊन म्हणतात, "घे, बघ आणि शीक." अहो, मी तुमच्यासाठी आहे! माझ्या नावातच लिहिलंय! पोरगं मला जरा वेळ बघतं आणि उड्या मारणाऱ्या मांजरांच्या खेळाकडं निघून जातं. त्याचं काही चुकत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. आणि तिसरे फार कष्टाळू. ते मला पूर्ण बघतात, समजून घेतात आणि मग पोराचा गृहपाठ स्वतःच सोडवून टाकतात. मोठ्या माणसाच्या अक्षरात.

अशा सगळ्यांत मला रोजवी भेटली.

रोजवी आमच्याच बेटावरची, शेजारच्या गावची, पण राहते हाँगकाँगला. एका घरी काम करते, तिथल्या मुलाला शाळेत सोडते, आणते, जेवू घालते, संध्याकाळी त्याच्यासमोर बसून गृहपाठ करवून घेते. तिची स्वतःची मुलगी आयेसा चौथीत. ती गावी आजीपाशी असते. आजीचं नाव इसिंग, सगळे तिला लोला इसिंग म्हणतात; लोला म्हणजे आजी. आयेसाला बाप नाही असं नाही, पण तो दुसऱ्या बेटावर दुसऱ्या घरात असतो. त्याच्याबद्दल लोला इसिंग जे बोलते ते मी इथं सांगू शकत नाही. मी शैक्षणिक आहे.

रोजवी रोज संध्याकाळी घरी फोन लावायची. बोलणं ठरलेलं.

"जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

"भात."

"शाळा?"

"बरी."

"काही हवंय का?"

"लोलाला देते हं."

मग लोला यायची आणि खरी बातमी सांगायची. "अगं, पोरगी अपूर्णांकात गटांगळ्या खातेय. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला विचारते, दुकानवाल्या बेनोयला विचारते. काल तर फादरना विचारायला निघाली होती. मी थांबवलं. म्हटलं त्यांना पापपुण्याचा हिशेब पुरे आहे."

रोजवीनं आयेसाला पुन्हा फोनवर बोलावलं. "बाळा, मला विचार ना. मी आहे ना."

आयेसा जरा गोंधळली. ती आईला नानाय म्हणते. "तुला कसं विचारणार, नानाय? तू इथं नाहीस."

रागानं म्हणाली असती तर रोजवीनं दोन शब्द सुनावले असते, आणि मन मोकळं झालं असतं. पण पोरीनं ते 'आज पाऊस नाही' म्हणावं तसं सरळ सांगितलं. रोजवीच्या काळजाला घरं पडली.

रविवारी तिकडं घरकाम करणाऱ्या बायांना सुट्टी असते. आमच्याकडच्या हजारो बाया पुलाखाली, चौकात, खोक्यांचे पुठ्ठे अंथरून बसतात. एकमेकींचे केस विंचरतात, जेवतात, नाचाची तालीम करतात, घरी पाठवायची खोकी भरतात. रोजवीच्या पुठ्ठ्यावर तिची मैत्रीण मर्ली असते. मर्लीला चार मुलं, आवाज मोठा आणि तोंडाला कुलूप नाही.

"मर्ली," रोजवी म्हणाली, "मी बूट पाठवते, दप्तर पाठवते, चॉकलेट पाठवते. पण ती मला काही विचारत नाही गं. कधीच नाही. पोर आईला काही विचारतच नसेल तर मी तिची आई कशी? मी नुसती खोकी पाठवणारी बाई झाले."

"मग शिकव की तिला अपूर्णांक."

"मला कुठं येतात?"

"तुलाही येत नाहीत? मग झालंच! आंधळ्याच्या गाई देव राखतो. शोध फोनमध्ये, असेल कुणीतरी शहाणं."

रोजवीनं शोधलं. पैसे मागणारे बरेच भेटले. इंग्रजीत भराभर बोलणारे भेटले. मग कोंबड्याचा आवाज आला. रोजवीचा चेहरा एकदम खुलला. "ऐक, आपल्याकडचा कोंबडा!" मी सांगतो, माझ्या अकलेमुळं नव्हे, कोंबड्यामुळं तिनं मला निवडलं. पण एकदा निवडल्यावर तिनं मला शेवटपर्यंत पाहिलं. मध्येच थांबवून, मागं नेऊन, पुन्हा पाहिलं. मालकांच्या घरात त्यांचं नेट वापरायची चोरी, म्हणून तिनं मला फोनमध्ये उतरवून घेतलं. मी तिच्याकडं मुक्कामालाच गेलो म्हणा ना.

आणि मग त्या दोघींनी जे केलं ते माझ्या आयुष्यात कुणी केलं नव्हतं. दुकानातून केक आणला. रोजवी आई झाली, मर्ली पोर झाली. घरात चौघं आहेत असं धरून रोजवीनं मुद्दाम वाकडं कापलं आणि बारकी कपची मर्लीपुढं ठेवली.

"हे काय?" मर्ली अशी किंचाळली की अख्खा पूल वळून बघायला लागला. "मला एवढंसं? आणि तुला डोंगर? मी सावत्र आहे का?"

"का गं, काय चुकलं?" रोजवीनं माझ्याच मॅमच्या सुरात विचारलं.

"चार जणांत चार सारखे पाहिजेत! तुझा तुकडा म्हणजे निम्मा केक आहे, भामटे!"

शेजारच्या पुठ्ठ्यांवरच्या बाया न्यायनिवाडा करायला धावल्या. कुणी मर्लीची बाजू घेतली, कुणी सुरी हिसकावली. बघता बघता निम्मा, पाव, अष्टमांश असे शब्द पुलाखाली घुमायला लागले. मी फोनमध्ये ताठ मानेनं बसलो होतो. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी घरी प्रयोग ठरला. सप्टेंबर लागला होता, आणि आमच्याकडं नाताळची गाणी तेव्हापासूनच सुरू होतात. लोला इसिंगनं बिको केला. फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून उभा केला, त्यात हाँगकाँगहून रोजवी. रोजवीनं मला लोलाच्या फोनवरही धाडलं होतं, म्हणून तिथल्या सगळ्या गोष्टींचा मी साक्षीदार आहे.

"मा, चौघांसाठी काप," रोजवी म्हणाली. घरात लोला, आयेसा आणि दोन मामेभाऊ होते. "पण मुद्दाम चुकीचं काप. सांगितलंय ना."

"मी? घरी आलेल्या पोरांना कमी वाढू? उद्या मेल्यावर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?" लोलानं काटेकोर चार वाटे केले. अन्याय झालाच नाही, त्यामुळं कुणी ओरडलंही नाही. माझा पहिला पाय तिथंच घसरला.

इतक्यात दारावरून बेनोय गेला. आमच्याकडं जेवताना दारावरून कुणी गेलं आणि त्याला हाक मारली नाही, असं होत नाही. "ये रे, खायला ये!" लोला ओरडली. लोक सहसा "नको, जेवलोय" म्हणतात. बेनोय म्हणाला नाही.

"आयेसा, आता पाच झाले," रोजवी फोनमधून घाईनं म्हणाली. "चाराचे पाच कसे करशील?"

आयेसा विचार करेपर्यंत बेनोयची बायको नवऱ्याला शोधत आली, तिच्या कडेवर धाकटं पोर. "या, या!" सात झाले. मग नारळ उतरवणारा म्हातारा आला. आठ! लोलानं प्रत्येक वाट्याचे दोन करून एकदाचे आठ तुकडे केले. मी इतक्या घरांत गेलो, पण पाहुण्यांमुळं छेद बदलत गेल्याचं गणित पहिल्यांदाच पाहिलं.

आयेसाला मात्र मजा वाटत होती. "नानाय, चार होते तेव्हा एक चतुर्थांश होता, आता एक अष्टमांश! लोक वाढले की तुकडा लहान होतो, पण खालचा आकडा मोठा होतो!"

रोजवीनं जीभ दाताखाली धरली होती. तिचे डोळे तेवढे हसत होते.

सगळ्यांनी आपापला तुकडा उचलला. लोला म्हणाली, "मी नंतर खाईन." ती नेहमीच नंतर खाते. आता सुपात एकच तुकडा उरला आणि तो उरल्याबरोबर 'शेवटचा तुकडा' झाला. शेवटच्या तुकड्याला आमच्याकडं कुणी हात लावत नाही. लाज वाटते. खा खा सुटलीय म्हणतील. सगळे त्याच्याकडं बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. "घे की बेनोय." "छे छे, पोट भरलं. म्हातारबाबांना द्या." "मला? मला गोड चालत नाही." आधीचा तुकडा त्यांनी बोटं चाटून खाल्ला होता. शेवटी लोलाही तो घेईना, तिलाही तो शेवटचा वाटायला लागला. तुकडा जाळीखाली झाकून ठेवला गेला आणि सकाळी त्याला मुंग्या लागल्या.

त्याच आठवड्यात चाचणी झाली. प्रश्न होता: एक केक आठ मित्रांनी सारखा वाटून घेतला. किती उरला? वर्गातल्या बहुतेकांनी शून्य लिहिलं. आयेसानं लिहिलं, एक अष्टमांश.

लाल रेघ बसली. एवढंच नव्हे, पूर्वी कधी उत्तरच लिहीत नसे तेव्हा कुणी हसत नव्हतं, आता लिहिलं तर वर्ग हसला. संध्याकाळी फोन आला तेव्हा आयेसाचा आवाज रडून बसला होता.

"तुझ्या त्या व्हिडिओमुळं चुकलं! तू म्हणालीस म्हणून मी केलं! आता मला काही शिकवू नको. मी बेनोयला विचारीन."

फोन बंद. रोजवी त्या परक्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी राहिली. बाहेरच्या खोलीतून तो मुलगा तिला हाक मारत होता, "आँटी, हे गणित बघ ना." ती डोळे पुसून गेली, त्याचं गणित बघायला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगू? मलाही उत्तर माहीत नव्हतं. मॅमच्या स्वयंपाकघरात शेवटचा तुकडा कधी उरलाच नव्हता, कारण तिथं रुबेन होता.

रोजवीनं मग एक गोष्ट केली. माझ्याखाली नारळाच्या दुधाची चौकशी करणाऱ्यांची जत्रा भरलेली होती. त्या जत्रेत शिरून तिनं विचारलं, "मॅम, आमच्या घरी शेवटचा तुकडा कुणी खात नाही. मुलीनं तेच उत्तर लिहिलं आणि चुकलं. आता मी तिला काय सांगू?"

मॅम फेंनी ते वाचलं आणि रुबेनला हाक मारली. "बघ, कुणीतरी पहिल्यांदा गणिताचा प्रश्न विचारलाय!" मग बराच वेळ लिहीत, खोडत बसल्या. शेवटी त्यांनी उत्तर दिलं, "ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या मुलीनं तर डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं. तिला काही सांगू नका. तिलाच विचारा, की कागदावर शून्य आणि घरी एक अष्टमांश असं का होतं? तुम्हाला खरंच कळत नसेल तर फारच चांगलं."

ते शेवटचं वाक्य वाचून रोजवी हसली. एवढी एक पात्रता तिच्यापाशी नक्की होती.

रविवारी तिनं पुलाखालून फोन लावला. आयेसा आली ती गाल फुगवूनच.

"मी शिकवायला नाही फोन केला," रोजवी म्हणाली. "मला कळत नाहीये म्हणून केलाय. मॅमना विचारलं, त्यांनीही सांगितलं नाही. पुस्तकात शून्य उरतं, मग आपल्याकडं तुकडा कसा उरला? चुकलं कोण, पुस्तक की लोला?"

पलीकडून लोला ओरडली, "माझं नाव नको घेऊ!"

रोजवीनं पुन्हा जीभ दाताखाली धरली. बोलावंसं किती वाटत होतं ते मला तिच्या बोटांवरून कळत होतं, पुठ्ठ्याची कड कुरतडून तिनं पार भुगा केला होता. मर्ली काही बोलायला गेली तर तिच्या तोंडावर हात दाबला.

"पुस्तकातल्या मित्रांना ना," आयेसा सावकाश म्हणाली, "लाज नसते."

मर्लीला तोंडावरच्या हातातूनही हसू फुटलं.

"म्हणजे ते सगळे आपापला घेतात. म्हणून शून्य. आपल्याकडं सात जणच घेतात, सात अष्टमांश, म्हणून एक उरतो." तिचा आवाज आता भराभर धावायला लागला. "पण नानाय, तो उरलेलाही वाटला तर? त्याचे परत आठ केले तर?"

"तर काय?" रोजवीनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"थांब, काढते." कागदाचा आवाज आला. गोल काढला, रेघा मारल्या. "आठाचे प्रत्येकी आठ, म्हणजे चौसष्ट! एकेकाला एक चौसष्टांश. पण परत सातच जण घेणार, परत एक उरणार! मग त्याचे परत आठ! परत एक उरणार! नानाय, हा बिको कधी संपणारच नाही!"

"मग त्याचं करायचं काय?"

"इतका बारका होईल की शेवटी मुंगी घेऊन जाईल. मुंगीला लाज नसते."

"मला ते चौसष्टाचं नाही कळलं गं. परत सांग."

"अगं, असं बघ," आयेसा म्हणाली, आणि फोन कागदावर धरून आईला शिकवायला लागली. रोजवीला पहिल्या खेपेला कळलं नाही. दुसऱ्या खेपेला मर्लीला कळलं आणि ती रोजवीला समजवायला लागली, तेव्हा पलीकडून आयेसा ओरडली, "तू नको सांगू, मी सांगतेय!"

दुसऱ्या दिवशी आयेसानं तो कागद वर्गात नेला. बाईंनी लाल रेघ पुसली नाही, कारण प्रश्नात विचारलं होतं त्याचं उत्तर शून्यच. पण त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तो न संपणारा बिको काढायला लावला. या वेळी वर्ग पुन्हा हसला, पण मुंगीवर. हे लोलानं रोजवीला सांगितलं, आणि रोजवीनं अख्ख्या पुलाला.

आता माझं काय चाललंय म्हणाल, तर बरं चाललंय. बिकोवाले अजून येतात. मॅमनी माझ्यानंतर आणखी धडे केले, त्यात एक वाचनाचा आहे, त्याला माझ्याहून चांगलं नाव मिळालं. मला हेवा वाटतो, पण धाकटं भावंड आहे, चालायचंच. माझ्यासारखे फुकटचे धडे आज ढिगानं आहेत. कुणा शिक्षकानं शाळा सुटल्यावर, कुणा आईनं पोर झोपल्यावर केलेले. त्यांत थोडे नासकेही असतात, पारखून घ्या. पण आई-बापहो, एक विनंती आहे. आम्हाला जपून ठेवू नका, आम्ही लोणचं नाही. आणि पोराच्या हातात कोंबून निघूनही जाऊ नका. आधी तुम्ही बघा, मग आम्हाला बंद करा आणि पोरापाशी जाऊन बसा. तुम्हाला येत नसलं तरी बसा. मी एवढंच करू शकतो, त्यापुढं बसणं माझ्या हाती नाही.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. आठवड्याचा मधला दिवस होता, भर दुपारी रोजवी मासे साफ करत होती. फोन वाजला. दुपारी कधी फोन येत नाही, म्हणून तिनं तो खवले लागलेल्या हातानंच उचलला.

"काय झालं? लोला बरी आहे ना?"

"बरी आहे. बेनोयच्या बायकोशी भांडतेय," आयेसा म्हणाली. "नानाय, आज दशांश सुरू झाले. मला येत नाहीत."

रोजवीनं सुरी बाजूला ठेवली. "थांब हं बाळा, मी शोधते, कुठंतरी असेल धडा, लगेच पाठवते..."

"नको पाठवू. मी करते. तू फोन बंद नको करू फक्त."

"बरं. काय करू मी?"

"काही नाही. अडलं की विचारीन."

रोजवीनं फोन नळाशेजारी उभा केला आणि पुन्हा मासे हातात घेतले. मी त्याच फोनमध्ये होतो, पण मला कुणी उघडलं नाही. नळाचं पाणी वाहत होतं, आणि पलीकडून पेन्सिलीचा खरखर आवाज येत होता. रोजवीचे निम्मे मासे साफ झाले. मग आयेसानं विचारलं, "नानाय, आहेस ना?"

"आहे," रोजवी म्हणाली.